मरव्याच्या वाफ्यावरची चिंधी

अमरावतीच्या बाजारात मरवा मिळतो, पण तो मेलेला असतो. फुलवाले सकाळी त्याच्या जुड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात, म्हणजे दुपारपर्यंत हिरवा दिसतो. घरी आणून पानं सोडवली की आतल्या काड्या काळ्या पडलेल्या निघतात. मी जुडी उचलते, मधली एक काडी ओढते, पान चिमटीत चुरडते आणि वास घेते. फुलवाला म्हणतो, "मावशी, गजऱ्यात लावाचा हाय का रस्सा कराचा हाय?" मी म्हणते, "रस्साच करायचाय." तो हसतो, कारण त्याला ती गंमत वाटते. शेवटी गेल्या दोन वर्षांपासून मी गॅलरीत तीन कुंड्या लावल्या आहेत आणि फुलवाल्याशी भांडण बंद केलं आहे. सत्तरीच्या आसपास आल्यावर माणसानं भांडणं कमी करावीत असं म्हणतात. माझी एका बाजूनं कमी झाली आहेत, एवढंच.

मरवा निवडावा तो कळ्या यायच्या आधी. शेंड्यावर मण्यांसारख्या बारीक गाठी दिसायला लागल्या की पान कडवट होतं, मग तो देवाला चालतो, पोटाला चालत नाही. दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत, वरची दोन बोटं शेंडा नखानं खुडायचा. विळा लावायचा नाही. हे सगळं मला माझ्या वहिनीनं शिकवलं, आणि वहिनीबद्दल लिहायचं म्हणूनच हे प्रकरण मी इतकी वर्षं लिहायचं टाळत आले. स्वयंपाकाच्या आठवणींच्या या पुस्तकाची बाकीची प्रकरणं भराभर लिहून झाली. याच्याशी आले की मला घरातली कपाटं आवरायची आठवण व्हायची.

आमचं घर पातूरच्या बाहेर, मळ्यातच. आम्ही फुलमळ्याची माणसं. शेवंती, झेंडू, मोगरा, आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं लांबच्या लांब मरव्याचा वाफा. मरव्याला वेगळं रान कोणी देत नसे. तो गजऱ्यातला भरतीचा पाला, फुलं कमी पडली की त्याच्यानं गजरा भरायचा. पहाटे घरात पहिला आवाज यायचा तो विहिरीवरच्या इंजिनाचा, मग माईच्या बांगड्यांचा, मग टोपल्या आपटून माती झाडण्याचा. फुलं खुडून, ओल्या पोत्यात बांधून टेम्पोनं अकोल्याला रवाना झाली की घर एकदम मोकळं वाटायचं, आणि मग चुलीवर चहा चढायचा. माझ्या लहानपणाचा वास कोणी विचारला तर ओलं पोतं, मरवा आणि चुलीचा धूर असं मी सांगेन. त्या घरात आम्ही चौघं होतो. बाबा, माई, माझ्याहून सात वर्षांनी मोठा दादा, आणि मी, जिला सगळे बेबी म्हणत. पुढं नोकरीत मुख्याध्यापिका झाले तरी पातूरला मी बेबीच राहिले.

दादाचं लग्न झालं आणि रिद्धपूरच्या बाजूच्या एका खेड्यातून सिंधूवहिनी आली. तिच्या माहेरी भाजीपाल्याचा धंदा. रंगानं सावळी, बोलायला सडेतोड, आणि हाताला चव म्हणाल तर अशी की साधं वरण केलं तरी माणूस भांडं पुसून खाई. आल्यावर पंधरा दिवसांनी एके दिवशी तिनं कढी केली. कढी चुलीवरून उतरवली, फोडणी घातली, आणि ओच्यातून मरव्याचे चार शेंडे काढून हातावर चुरडून वरून टाकले. झाकण ठेवलं. माई बघतच राहिली.

"काय टाकलं वो त्याच्यात?"

"मरवा टाकला, माई. आमच्या घरी टाकतेत."

बाबा जेवायला बसलेले होते. ते म्हणाले, "देवाच्या डोक्यावरचं, बायांच्या केसांतलं आता आमच्या ताटात आलं म्हना!" वहिनी घाबरली नाही. म्हणाली, "बाबा, तुळस बी देवाचीच हाय, काढ्यात टाकताच नं?" बाबांनी एक घोट घेतला, मग वाटी सरळ तोंडाला लावली. दुसरी वाटी मागताना त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. दादानं मात्र तोंडभर कौतुक केलं. त्या दिवसापासून दादाला कढी म्हणजे मरव्याचीच. भाकरी बाजूला ठेवून तो तीन-तीन वाट्या नुसती प्यायचा, आणि माई म्हणायची, बाप्पा, हा बायकोच्या मागं लागला का कढीच्या, काही समजत नाही.

मी तेव्हा अकोल्याच्या कॉलेजात नुकती जायला लागले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तरी सुट्टीच्या दिवशी वहिनीच्या मागं मागं स्वयंपाकघरात घुटमळायचे. मरवा कढीत, वांग्याच्या भरतात, तुरीच्या वरणात, पाटवडीच्या रश्श्यात घालायचा, पण नेहमी चुलीवरून भांडं उतरवल्यावर. उकळी लागली की त्याचा वास उडतो आणि कडूपणा तेवढा मागं राहतो. ओला मरवा दोन दिवस ठेवायचा तर धुवायचा नाही, ओल्या फडक्यात सैल गुंडाळून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचा. उन्हाळ्यासाठी वाळवायचा तर जुड्या उलट्या टांगायच्या, ओसरीच्या सावलीत. उन्हात वाळवलेल्याला गवताचा वास येतो. पानं कुरकुरीत झाली की काडीवरून ओरबाडून घ्यायची, पण कुस्करायची नाहीत, आख्खी बरणीत भरायची. कुस्करायचं ते वाढायच्या घटकेला. "कुस्करला का त्याचा जीव गेला, बाई," असं वहिनी म्हणायची. मी तिच्याहून लहान, पण नणंद म्हणून ती मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणत असे. चिनी मातीची एक बरणी तिनं फडताळात सगळ्यात वर ठेवली होती, आणि पाहुणे आले की ती बरणी खाली यायची.

आता चिंधीबद्दल सांगितलं पाहिजे. फुलमळ्यात औषध मारताना कोणी फार विचार करत नाही. भाजीवाला आठ दिवस थांबतो, कारण भाजी पोटात जाते. फूल कोण खातं? मावा दिसला की पंप पाठीवर. काळजी फक्त एवढीच, की गजरे ओवताना बाया दोऱ्याचं टोक दातांत धरतात, फुलं ओच्यात घेतात. म्हणून आमच्याकडं रीत होती की औषध मारलेल्या वाफ्याच्या तोंडाशी काडी रोवायची आणि तिला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की तीन दिवस त्या वाफ्याला कोणाचा हात लागत नसे. औषध बाबा मारायचे, चिंधी बांधायचं काम माझं. मी शाळेत होते तेव्हापासून माझं. मळ्यात माझ्यावर सोपवलेलं तेवढं एकच काम होतं, कारण मला शिकवायचं ठरलेलं होतं.

त्या दिवशी कॉलेजात स्नेहसंमेलन होतं आणि मला गाणं म्हणायचं होतं. मी पहाटेच उठून माझ्यासाठी शेवंती आणि मरव्याचा गजरा केला, तो केसांत माळला, माईची जांभळी साडी नेसले. बाबांना एका नातेवाईकाच्या तेरवीला जायचं होतं, म्हणून त्यांनी फुलं टेम्पोत घालून झाल्यावर घाईघाईनं शेवंतीला औषध मारलं, आंघोळ केली आणि मला हाक मारली. म्हणाले, "बेबी, वारा इकडचा होता, मरव्यावरई उडालं. मरव्याच्या वाफ्याले चिंधी बांध अन् वहिनीले सांगून दे." माझ्या हातात त्यांनी चिंधी दिली. मी "हो बाबा" म्हटलं. वहिनी तेव्हा विहिरीवर धुणं धूत होती. मी पायवाटेनं वाफ्याकडं निघाले, आणि रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. आमच्या फाट्यावर ती बस चुकली तर पुढची दीड तासानं. मी चिंधी पर्समध्ये कोंबली आणि पळत सुटले. पळताना मनात म्हटलं, मरवा काही आज कोणी खुडत नाही.

अकोल्यात गाणं चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मैत्रिणींबरोबर चाट खाल्ली, आणि पैसे काढायला मी पर्स उघडली तर वर चिंधी. एकीनं विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, मळ्यातलं आहे." मी चिंधी पर्सच्या तळाशी सारली. मग पुन्हा गप्पा सुरू झाल्या. त्याच वेळी, मी टाळ्यांच्या गावात बसलेली असताना, दादाला टेम्पोत घालून त्याच गावातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं.

फाट्यावर उतरले तर शेजारची काकू उभी होती. "बेबी, तुया भावाले अकोल्याले नेलं वो. जेवला अन् अर्ध्या घंट्यात तोंडातून लाय गळाले लागली, डोये पांढरे. औषध पोटात गेलं म्हन्तेत, कढीतून." मी काकूला काही विचारलं नाही. घरीही गेले नाही. मी आधी मळ्यात गेले. पायवाट सोडून, शेवंतीतून, माईची साडी खोचून. वाफ्यापाशी मरव्याचे ताजे खुडलेले शेंडे दिसत होते. काडी रोवली, पर्समधून चिंधी काढली आणि बांधली. गाठ पक्की मारली. मी अजाण होते, घाबरले होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण अजाण माणसाला चिंधी बांधायचं सुचलं नसतं.

घरी वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली होती. कढीचं भांडं तसंच होतं. माईचा त्या दिवशी उपास, बाबा तेरवीला, मी अकोल्याला, आणि वहिनी दादाचं झाल्यावर जेवणार होती. म्हणजे जेवला तो एकटा दादा. हे एवढं गणित गावाला करायला वेळ लागला नाही. बाबा निरोप मिळाल्यावर धावत आले. दारातूनच त्यांनी मला विचारलं, "चिंधी बांधली होती?"

मी "हो" म्हटलं.

"वहिनीले सांगतलं होतं?"

तेवढ्यातही मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "ती विहिरीवर होती. पण चिंधी बांधली होती नं."

"चिंधी नव्हती, बाबा," वहिनी म्हणाली. "मी खुडाले गेली तवा नव्हती. देवाची आन."

बाबा मळ्यात गेले आणि परत आले. "चिंधी हाय," एवढंच म्हणाले, आणि अकोल्याला जायला निघाले. वहिनी माझ्याकडं पाहत होती. त्या नजरेत संशय नव्हता. ती माझ्याकडं आधार मागत होती, की बाई, तुम्ही तरी सांगा, असं कसं होईल. मी केसांतला गजरा काढायला आत गेले.

दादा वाचला. अकरा दिवस दवाखान्यात होता. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा त्यानं 'चुकून झालं' असं लिहून दिलं. पोलीस हा शब्द ऐकल्यावर तर माझी उरलीसुरली हिंमत गेली. दादा घरी आला त्या दिवशी माईनं फडताळावरची बरणी खाली घेतली आणि उकिरड्यावर नेऊन उपडी केली. तो मरवा दिवाळीच्या आधीचा, निर्मळ वाळवलेला. वहिनी बघत उभी राहिली. मग दादाचं ताट वाढलं गेलं. दादा हात धुऊन बसला, आणि माई वहिनीला म्हणाली, "आधी तू खा."

वहिनीला पहिल्यांदा कळलं नाही. कळल्यावर ती खाली बसली, दादाच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. दादा ताटाकडं बघत होता. थोडा वेळ गेल्यावर त्यानं पहिला घास घेतला. मी समोर बसले होते. मला वाटलं, दोन-चार दिवस चालेल आणि संपेल.

ते संपलं नाही. माई होती तोवर माईच्या धाकानं चाललं म्हणावं, पण माई गेल्यावरही चाललं. दोन्ही वेळेला दादा ताटावर बसून थांबायचा, वहिनी यायची, एक घास खायची, मग तो सुरू करायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, तिच्या माहेरच्यांना पाहुणचार कमी केला नाही. संशय होता की नुसती सवय पडली होती, हे त्याचं त्याला ठाऊक. आणि गंमत बघा, पुढं ज्यांना जुनी गोष्ट माहीत नव्हती ते म्हणायला लागले की काय प्रेम आहे, बायकोला भरवल्याशिवाय हा गडी जेवत नाही! लग्नाकार्यात बाया आपापल्या नवऱ्यांना दादाचं उदाहरण द्यायच्या. वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करायची.

त्या वर्षीच उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस वहिनी मला म्हणाली, "बाई, मले अकोल्याले डोयाच्या डाक्टरकडं घेऊन चला." मी विचारलं, "कावून?" ती म्हणाली, "एवढी लाल चिंधी मले दिसली कशी नाई? तुमी बांधली म्हन्ता म्हंजे बांधलीच असन. तुमी खोटं कावून बोलान? माया डोयातच काहीतरी हाय." मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वहिनी सातवी शिकलेली. वरून खाली सगळी वाचली, अगदी मुंगीएवढी शेवटची ओळसुद्धा. मग रंगांची चित्रं दाखवली. लाल, हिरवं, सगळं बरोबर. डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. चष्म्याची काही गरज नाही."

बाहेर आलो आणि स्टँडवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी बसलो. घुंगरं वाजत होती. मी दोन ग्लास मागवले. वहिनीनं ग्लास हातात धरला आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, नुसतं पाणी. म्हणाली, "बाई, चष्मा लागला असता तं बरं झालं असतं. आता घरी काय सांगू? डोये चांगले हायेत म्हन्लं तं माई म्हनन, मंग नियतच खराब असन."

त्या बाकड्यावर मी सांगायला हवं होतं. तिथं माई नव्हती, बाबा नव्हते, पोलीस नव्हता. फक्त आम्ही दोघी, आणि बसला वीस मिनिटं वेळ. चार शब्द होते, 'मी बांधलीच नव्हती, वहिनी'. ते माझ्या तोंडात आले होते, खोटं नाही सांगत. मग मला दिसलं की बाबा माझं कॉलेज बंद करतील, मळ्यात बसवतील, आणि मी म्हटलं, "वहिनी, रस प्या, गरम होऊन राहिला." तिनं पदरानं डोळे पुसले आणि रस प्यायली. घरी येऊन तिनं माईला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, नजर थोडी कमी आहे. पुढच्या आठवड्यात तिनं पातूरच्या बाजारातून एक साध्या काचेचा चष्मा आणला आणि लावायला लागली. चांगल्या डोळ्यांवर तिनं तो कितीतरी वर्षं लावला.

मी शिकले, अमरावतीला नोकरी लागली, लग्नही तिथंच झालं. माझ्या घरी मी मरव्याची कढी करते, भरतात घालते, वाळवून आख्खी पानं बरणीत भरते. माझे यजमान पाहुण्यांना सांगतात की ही आमच्या हिची खासियत. मी 'वहिनीकडून शिकले' असं म्हणायचे सुरुवातीला, मग तेही सुटलं. पातूरला वहिनीनं पुन्हा कधी कशात मरवा टाकला नाही. धुऱ्यावरचा वाफा होता, गजऱ्याला जात होता, पण ती त्याच्या बाजूनं जायची तेव्हा पलीकडच्या कडेनं जायची. तिची चव माझ्या घरात जगली आणि तिच्या घरात मेली. याला दुसरा कोणी जबाबदार नाही, मी आहे. लोक म्हणतात वय झालं की जुन्या गोष्टींचं ओझं हलकं होतं. माझा अनुभव तसा नाही.

दादा गेल्या वर्षी गेला, हृदयाच्या झटक्यानं, दोन तासांत. भेटायला येणाऱ्या बाया वहिनीजवळ बसून एकच गोष्ट बोलत होत्या. "आधी तुमाले घास, मंग स्वतः. असा मानूस भेटत नाई, बाप्पा." वहिनी प्रत्येकीला मान हलवून 'हो' म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मी ते ऐकू शकले नाही, उठून मळ्यात गेले. तरी तेव्हाही बोलले नाही. शोकाच्या घरात असलं कुठं बोलतात, असं कारण सापडलं. कारणं मला नेहमीच सापडत आली आहेत.

यंदा वर्षश्राद्धाला गेले. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. वहिनी ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती, आता खराखुरा चष्मा लागलेला. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. बसचा हॉर्न, पर्स, टाळ्या, शेवंतीतून पळणं, गाठ. तिचा हात सुपात थांबला.

"चिंधी नव्हती?"

"नव्हती, वहिनी."

"म्हंजे मले बराबर दिसलं होतं."

"हो."

तिनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं गेलं. तशी म्हणाली असती तर मी सुटले असते. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी सोताले येडी समजली. चूल पेटवली का दोनदा पाहो, मीठ टाकलं का पुन्हा चाखो. अन् तू अमरावतीत कढ्या करून राहिली होती." तिनं मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. मी हात जोडले. तिनं ते पाहिले आणि म्हणाली, "ते राहू दे."

मग तिनं घरात हाक मारली. तिचा मुलगा आणि सून बाहेर आले. "आत्याबाई काय सांगते ते ऐका," ती म्हणाली. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, माझ्या भाच्यासमोर, ज्याच्या फिया मी भरल्या आणि जो मला देवासारखी मानतो. मध्ये मी एके ठिकाणी 'घाईत राहून गेलं' असं म्हटलं. वहिनी म्हणाली, "राहून नाई गेलं. मागून बांधली. ते सांग." मी ते सांगितलं. भाचा खाली मान घालून ऐकत होता. सुनेनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

ती दोघं आत गेल्यावर वहिनी म्हणाली, "तुया भावाले मी एकडाव म्हन्लं होतं, आता माई गेली, आता तं माया घासाची वाट पाहनं सोडा. ते म्हने, राहू दे, लोकं चांगलं म्हन्तेत." मग म्हणाली, "आता सगळ्याईले माहीत झालं. त्याईले सांगनं राह्यलं."



"आपल्या दोघीतून जे आधी वर जाईन," वहिनी म्हणाली, "तिनं सांगाचं. अन् आखरीलोक सांगाचं, अर्धं नाई."

मी हो म्हटलं. वहिनी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे, आणि दर सोमवारी तिला दम्यासाठी अकोल्याला न्यावं लागतं. तरी हे काम तिच्यावर पडू नये, आधी मीच जावं, अशी माझी इच्छा आहे.